दिवाळीतले पारायण : दरवर्षी तेच पुस्तक पुन्हा कसे वाचावे

ठरावीक दिवसांत ठरावीक ग्रंथ दरवर्षी पुन्हा वाचणे ही कल्पना मराठी घराला मुळीच नवी नाही. दत्तजयंतीच्या आधीच्या सप्ताहात गुरुचरित्र, दासनवमीच्या सुमारास दासबोध, हरिनाम सप्ताहात ज्ञानेश्वरी, असे ग्रंथ त्याच घरांत आणि त्याच देवळांत पिढ्यानपिढ्या वाचले जातात, आणि ‘गेल्या वर्षीच तर वाचले होते’ असा आक्षेप तिथे कोणी घेत नाही. हीच गोष्ट एखाद्या आत्मचरित्राबाबत किंवा कथेबाबत करायची म्हटली, की मात्र ती आपल्याला वेळेची उधळपट्टी वाटू लागते. त्यातून दिवाळी म्हणजे नव्या वाचनाचा सण. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी नवा अंक असणे हा आपला शिरस्ता झाला आहे. तो मोडावा असे मी सुचवत नाही. अंक दुपारी लोळून वाचावेत, आणि रात्रीचा अर्धा तास एका जुन्या पुस्तकासाठी राखून ठेवावा. असा अर्धा तास एखाद्या वर्षी कोणीही काढू शकतो; तो दहा वर्षे टिकवायचा असेल तर पुस्तकावरचे प्रेम पुरत नाही, आधी नेमून दिलेली आखणी लागते, आणि ती कशी करायची हे पारायणाच्या परंपरेकडून उसने घेता येते. ती आखणी एका प्रत्यक्ष पुस्तकावर कशी बसवायची, ते येथे सांगतो.

पुस्तकाची निवड

पहिली अट अशी, की घरातल्या निदान एका माणसाने ते पुस्तक पूर्वी दोनदा तरी वाचलेले असावे. नुकतेच वाचून भारावून गेलेले पुस्तक दरवर्षीसाठी निवडू नये, कारण तो भर पुढच्या दिवाळीपर्यंत टिकेलच याची खात्री कोणालाच देता येत नाही. दुसरी अट लांबीची. मोठ्याने वाचायचे असेल तर सगळे पुस्तक दहा तासांच्या आत संपायला हवे. आठशे पानांची ऐतिहासिक कादंबरी पहिल्या वर्षी उत्साहाने सुरू होते, दुसऱ्या वर्षी निम्म्यावर थांबते आणि तिसऱ्या वर्षी कपाटातून बाहेरच येत नाही. तिसरी अट, पुस्तकाची सगळी मदार ‘पुढे काय होणार’ यावर नसावी. रहस्यकथेने एकदाच पकडायचे असते. पुनर्वाचनाला लागते ते सुटे सुटे प्रसंग असलेले, वाचणाऱ्याचे वय वाढले की वेगळ्या पात्राची बाजू पटू लागेल असे पुस्तक. चौथी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिचा विचार सहसा कोणी करत नाही. पुस्तकात आपल्याला न पटणारे, आजही वाद घालावासा वाटणारे काहीतरी असले पाहिजे. ज्यातले सगळेच पटते, त्याबद्दल चौथ्या वर्षी घरात बोलायला काही उरत नाही.

या सगळ्या अटींत बसणारे आणि बहुतेक मराठी घरांत सहज सापडणारे पुस्तक म्हणून साने गुरुजींची ‘श्यामची आई’ उदाहरणादाखल घेतो. नाशिकच्या तुरुंगात असताना फेब्रुवारी १९३३ मध्ये गुरुजींनी या पुस्तकाचा मोठा भाग अवघ्या काही दिवसांत लिहून काढला आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. रडके पुस्तक म्हणून त्याला नावे ठेवणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. पण दरवर्षी वाचण्याच्या दृष्टीने त्याची रचनाच मुळी सोयीची आहे. आश्रमातल्या सायंप्रार्थनेनंतर श्याम आपल्या सोबत्यांना एकेका रात्री एकेक आठवण सांगतो, अशा ४२ रात्री पुस्तकात आहेत. म्हणजे वाचनाचे हप्ते लेखकानेच पाडून दिलेले आहेत. ‘रात्र पहिली’ असे मथळ्यातच लिहिलेले असल्यामुळे ‘आज किती वाचायचे’ हा प्रश्न लहान मुलेसुद्धा विचारत नाहीत.

प्रतीबद्दल थोडे सांगायला हवे. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले आणि भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी प्रताधिकार संपतो, म्हणून २०११ पासून हे पुस्तक कोणालाही छापता येते. त्याचा परिणाम असा, की बाजारात अनेक आवृत्त्या आहेत. काही नेटक्या, काही मुद्रणदोषांनी भरलेल्या, आणि काही मुलांसाठी म्हणून कापूनछाटून लहान केलेल्या. विकत घेण्यापूर्वी अनुक्रमणिका उघडून ४२ रात्री आणि आरंभीचा ‘प्रारंभ’ हा भाग आहे ना, एवढे पाहावे. अक्षर मोठे असावे, कारण वाचणाऱ्यांत कधी ना कधी आजोबांचा नंबर लागतोच. घरात जुनी प्रत असेल तर तीच वापरावी. पाने सुटत असतील तर बांधणाऱ्याकडून शिवून घ्यावी. फोनवरच्या पडद्यावर हे वाचन करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण वाचता वाचता वरून एखादा शुभेच्छांचा संदेश उतरला की वाचणाऱ्याचे लक्ष गेलेच.

दिवसांचा हिशेब

आता ज्या योगायोगामुळे हे पुस्तक दिवाळीशी जोडावे असे मला वाटते, तो सांगतो. घटस्थापना आश्विन शुद्ध प्रतिपदेला असते आणि तुळशीची लग्ने कार्तिक शुद्ध द्वादशीपासून लागू लागतात. आश्विनाच्या ३० तिथी आणि कार्तिकाच्या १२, मिळून बरोबर ४२ होतात. घटस्थापनेच्या रात्री पहिली रात्र वाचली आणि रोज एक याप्रमाणे पुढे गेले, तर बेचाळिसावी रात्र तुळशीच्या लग्नाच्या दिवशी येते. तिथीची वृद्धी किंवा क्षय झाल्यामुळे एखादा दिवस मागेपुढे होऊ शकतो, पण २०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबरला आणि द्वादशी २ नोव्हेंबरला होती, म्हणजे इंग्रजी तारखांनीही नेमके ४२ दिवस भरले. अधिक मासाने हा हिशेब बिघडत नाही, कारण अधिक आश्विन आला तरी नवरात्र निज आश्विनातच बसते. ‘प्रारंभ’ हा भाग आदल्या रात्री, म्हणजे सर्वपित्री अमावास्येला वाचून घ्यावा.

हा क्रम डोळे मिटून पाळला तर मात्र एक अडचण येते. बत्तिसावी रात्र भाऊबीजेला येते आणि तिचे नाव आहे ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’. बहीणभाऊ जमलेले असताना, ओवाळणीचे ताट अजून उचललेले नसताना हे प्रकरण वाचणे कोणालाही नको वाटेल. उलट बाविसावी रात्र, ‘आनंदाची दिवाळी’, आश्विन वद्य सप्तमीलाच, म्हणजे दिवाळीच्या आठवडाभर आधी संपून जाते. या प्रकरणात भावाकडून आलेल्या भाऊबीजेच्या पैशांतून आई स्वतःसाठी काही न घेता वडिलांसाठी नवे धोतर आणवते. ते वाचण्याचा दिवस भाऊबीज हाच आहे. म्हणून बाविसावी रात्र राखून ठेवावी, तेविसाव्यापासून बत्तिसाव्यापर्यंतच्या रात्री एकेक दिवस अलीकडे ओढाव्यात आणि भाऊबीजेला बाविसावी वाचावी. तेहेतिसावी रात्र आपोआप तेहेतिसाव्या दिवशी येते आणि हिशेब कुठेही चुकत नाही. या बदलामुळे कर्जाचे प्रकरण पाडव्याला येते. ज्या दिवशी व्यापारी नव्या वह्यांची पूजा करतात त्या दिवशी ते यावे, यात थोडी गंमत आहे, पण ती चालण्यासारखी आहे.

पूर्वार्धातल्या रात्री सुट्या आठवणींसारख्या असल्यामुळे असा बदल सहज खपतो. तेहेतिसाव्या रात्रीपासून पुढे मात्र क्रम मुळीच हलवू नये. तिथून घराची उतरती कळा सुरू होते, दारिद्र्य, अपमान, आजार आणि शेवटी आईचा मृत्यू अशी ती सरळ खाली जाणारी वाट आहे, आणि मधली एखादी पायरी गाळली तर शेवट उगाच रडवण्यासाठी आणल्यासारखा वाटतो. सुदैवाने हा सारा भाग भाऊबीजेनंतर, पाहुणे आपापल्या गावी गेल्यावर येतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांच्या आवाजात वाचन होणार नाही हेही गृहीत धरावे आणि त्या दिवशीचा भाग सकाळी फराळ झाल्यावर उरकावा.

४२ दिवस ज्यांना शक्य नाहीत, त्यांनी फक्त सुट्टीचा विचार करावा. वसुबारस ते भाऊबीज या सहा तिथी होतात. रोज दोन याप्रमाणे बारा रात्री त्यांत बसतात. दरवर्षी न चुकता वाचायच्या अशा ‘पत्रावळ’, ‘श्यामचे पोहणे’, ‘अळणी भाजी’ आणि ‘आनंदाची दिवाळी’ या चार ठेवाव्यात आणि बाकीच्या आठ आलटूनपालटून घ्याव्यात, म्हणजे काही वर्षांत जवळजवळ सगळे पुस्तक एकदा फिरून येते. ‘शेवटची निरवानिरव’ किंवा ‘भस्ममय मूर्ती’ या रात्री अशा तुटक वाचनात घेऊ नयेत. एकट्याने मनात वाचणाऱ्याला तर रोज सहा रात्री वाचून सप्ताहातही पुस्तक संपवता येते, कारण साता सक बेचाळीस.

दिवाळीच निवडली पाहिजे असेही नाही. कोकणात आणि गोव्यात घर खऱ्या अर्थाने भरते ते गणपतीत, आणि ज्या घरी दीड दिवसाचा गणपती आहे तिथे अख्खे पुस्तक बसणार नाही हे उघड आहे. पाच किंवा सात दिवसांचा असेल तर दुपारची वेळ धरावी, कारण रात्र आरती आणि भजनाची असते. वसईकडच्या मराठी ख्रिस्ती घरांना नाताळ ते नवे वर्ष हा आठवडा सोयीचा पडेल. सण कोणताही असो, वाचनाची सुरुवात आणि शेवट तिथीला किंवा तारखेला बांधलेले असावेत. ‘सुट्टी लागली की बघू’ असे म्हटलेले वाचन सुट्टी संपेपर्यंत सुरू होत नाही.

वाटणी अध्यायांच्या संख्येवर करू नये

ज्या पुस्तकात लेखकाने असे हप्ते पाडून दिलेले नाहीत, तिथे वाटणी आपल्याला करावी लागते, आणि इथे गुरुचरित्राचा सप्ताह पाहण्यासारखा आहे. त्याच्या एका प्रचलित क्रमात पहिल्या दिवशी नवव्या अध्यायापर्यंत, मग एकविसाव्या, एकोणतिसाव्या, पस्तिसाव्या, अडतिसाव्या, त्रेचाळिसाव्या आणि सातव्या दिवशी त्रेपन्नाव्या अध्यायापर्यंत वाचतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी बारा अध्याय होतात, तर पाचव्या दिवशी केवळ तीन. या तिघांत आचारधर्माचे सविस्तर विवेचन करणारा लांबलचक छत्तिसावा अध्याय आहे, हे लक्षात घेतले की त्या दिवशी तीनच का, ते कळते. ज्ञानेश्वरीतही बारावा अध्याय अडीचशे ओव्यांच्या आत आटोपतो आणि अठरावा अठराशे ओव्यांच्या पुढे जातो. ज्यांनी हे क्रम लावले त्यांनी आकडे न पाहता वजन पाहिले. आपणही तसेच करावे.

त्यासाठी घड्याळ लावून पुस्तकातली मधली तीन पाने नेहमीच्या गतीने मोठ्याने वाचावीत, त्यावरून एका पानाचा वेळ काढावा, एकूण पानांनी गुणावे आणि येणाऱ्या उत्तरात चौथाई भर घालावी, कारण मध्ये कोणीतरी हसते, कोणीतरी शब्दाचा अर्थ विचारते आणि कोणाला तरी पाणी हवे असते. एका बैठकीला वीस ते तीस मिनिटे पुरे. प्रसंग संपतो तिथेच थांबावे. वेळ झाली म्हणून परिच्छेदाच्या मध्यावर पुस्तक मिटू नये. हा हिशेब पहिल्या वर्षी कागदावर लिहून तो कागद पुस्तकातच ठेवावा, म्हणजे दुसऱ्या वर्षी पुन्हा खटाटोप करावा लागत नाही आणि ‘आज थोडे कमी वाचू या का’ ही घासाघीसही होत नाही.

प्रत्यक्ष वाचताना

जेवणे आटोपल्यानंतरची साडेआठची वेळ बहुतेक घरांना जमते. पण दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात याहून चांगली एक संधी मिळते, ती म्हणजे करंज्या करण्याची दुपार. एकजण पारी लाटतो, दुसरा सारण भरतो, तिसरा कातण्याने कडा कापतो; हात गुंतलेले आणि कान मोकळे, अशी चार माणसे एका जागी तास दीड तास बसलेली वर्षात पुन्हा कधी मिळत नाहीत. ज्याला करंजीची मुरड जमत नाही त्याच्या हाती पुस्तक द्यावे. चकली पाडतानाही हे चालते. तळणी सुरू झाली की मात्र वाचन थांबवावे, कारण तेलाच्या आवाजात ऐकू येत नाही आणि तळणाऱ्याचे लक्ष कढईतच असायला हवे. पीठ लागलेल्या हाताने कोणी पान उलटू नये, हे सांगूनही दरवर्षी कोणीतरी उलटतेच.

वाचणारा रोज बदलावा. एकाच माणसाने वाचले की ते त्याचे व्रत होते आणि बाकीचे श्रोते म्हणून हळूहळू गळू लागतात. दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना आपली पाळी द्यावी, आणि मूल वाचताना अडखळले तर वाक्य संपेपर्यंत त्याला दुरुस्त करू नये. ज्याची पाळी असेल त्याने दुपारी एकदा त्या रात्रीचे प्रकरण नजरेखालून घालावे. साने गुरुजींची वाक्ये भावनेच्या भरात लांबत जातात, एकामागून एक उद्गारचिन्हे येतात, आणि पूर्वतयारीशिवाय वाचली तर त्यांचा नाटकी सूर लागतो. ती जितक्या साध्या आवाजात वाचावीत तितकी चांगली लागतात. भावना शब्दांतच पुरेशी आहे, वाचणाऱ्याने वरून घालायची गरज नाही.

अठरावी रात्र, ‘अळणी भाजी’, जेवणाआधी वाचून पाहावी. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील ते ओळखूनही काही बोलत नाहीत, उलट भाजीचे कौतुक करतात, आणि ते बोलत नाहीत म्हणून मुलेही गप्प राहतात. शेवटी आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळते. प्रकरण लहान आहे, आणि त्यानंतर ताटे वाढली की पहिल्या घासाला सगळ्यांची नजर एकमेकांकडे जाते. याच प्रकरणावर मतभेदही होतात. लहानपणी ऐकताना वडिलांचे मौन थोर वाटते. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला मात्र चाळिशीत हे वाचताना प्रश्न पडतो, की त्या बाईला वेळेवर कोणी सांगितले असते तर तिला एवढे वाईट वाटले असते का. दोन्ही बाजू बोलू द्याव्यात आणि निकाल देऊ नये.

‘देवाला सारी प्रिय’ ही पंचविसावी रात्र अधिक अवघड आहे. अस्पृश्य मानलेल्या म्हातारीची मोळी डोक्यावर चढवायला आई श्यामला पाठवते, आणि त्याच वेळी घरी येऊन आंघोळ करायलाही सांगते. करुणा आणि विटाळ एकाच दमात सांगणारी ती वाक्ये मुलांसमोर गाळून वाचण्याचा मोह होतो. तो आवरावा. पूर्ण वाचावे, थांबावे, आणि मुलांनी विचारले तर सरळ उत्तर द्यावे, की आई चांगली होती आणि तरीही तिच्या काळातली ती रूढी अन्यायाचीच होती. निवडीच्या वेळी सांगितलेली चौथी अट इथे उपयोगी पडते. या रात्रीवर घरात दरवर्षी वेगळे बोलणे होते, कारण बोलणाऱ्या मुलांचे वय दरवर्षी वेगळे असते.

१९५३ सालचा आचार्य अत्रे यांचा चित्रपट दाखवायचा असेल तर सगळे वाचन संपल्यावरच दाखवावा. आधी दाखवला की मुले चेहरे ठरवून बसतात आणि पुस्तकातली आई पडद्यावरच्या आईसारखी बोलू लागते.

नोंदी

पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर दरवर्षी एक ओळ लिहावी : साल, वाचायला कोण कोण होते, आणि कोणत्या रात्री वाद झाला किंवा वाचन थांबले. याहून जास्त लिहू नये. ‘सुंदर’, ‘हृदयस्पर्शी’ असे शेरे मारून काही साधत नाही. ‘श्यामचे पोहणे वाचताना धाकटीने विचारले, आईने शिपटीने मारायला हवे होते का’ एवढी नोंद मात्र पुढच्या वर्षी उपयोगी पडते. समासात लिहायचे असेल तर पेन्सिल वापरावी आणि खुणेशेजारी साल घालावे. जुन्या नोंदी ते प्रकरण वाचून झाल्यावरच पाहाव्यात. आधी पाहिल्या तर आपण गेल्या वर्षीचेच मत पुन्हा मांडतो, आणि मग पुनर्वाचनाचा हेतूच उरत नाही.

दूर असलेल्यांना सामील करून घेताना

मुलगा किंवा मुलगी परदेशी असेल तर रोज फोनवरून वाचन करण्याचा आग्रह धरू नये; तो पहिल्या आठवड्यातच ओझे होतो. आठवड्यातून एक रात्र, शक्यतो रविवारची, सगळ्यांनी मिळून वाचावी आणि बाकीच्या रात्री ज्याने त्याने आपापल्या प्रतीतून वाचाव्यात. घड्याळाकडे मात्र लक्ष द्यावे. दिवाळीच्या मागेपुढेच तिकडची घड्याळे तासाभराने मागे जातात, ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. आपले रात्रीचे साडेआठ म्हणजे लंडनमध्ये आधी दुपारचे चार आणि नंतर तीन. न्यूयॉर्कमध्ये आधी सकाळचे अकरा आणि नंतर दहा. हे आधी सांगून ठेवले नाही तर त्या रविवारी एक बाजू तासभर ताटकळत बसते. पाळी परदेशातल्या नातवंडांनाही द्यावी. त्यांना देवनागरी वाचता येत नसेल तर आजीने वाक्य वाचावे आणि त्यांनी ते पुन्हा म्हणावे. अर्ध्या पानापलीकडे हे ताणू नये.

खंड पडला तर

पारायणात खंड पडणे दोषाचे मानतात. या वाचनात तसे मानण्याचे कारण नाही. सुतक, परीक्षा, प्रवास, कोणाचा ताप, यांमुळे चार रात्री सुटल्या तर त्या भरून काढायला एका बैठकीत पाच प्रकरणे वाचू नयेत. सुटलेल्या रात्रींचे नुसते मथळे मोठ्याने वाचावेत आणि त्या दिवशीच्या रात्रीवर यावे. थकबाकी साठली की माणूस ते काम टाळू लागतो, आणि वाचनाचेही तेच होते. घरात त्याच वर्षी आईचे किंवा जवळच्या माणसाचे निधन झाले असेल तर अडतिसाव्या रात्रीपासून पुढचे वाचन त्या वर्षी करू नये, किंवा ज्याला करायचे असेल त्याने एकट्याने करावे. त्याची सक्ती करण्यासारखे दुसरे निर्दय काम नाही.

कंटाळा बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी येतो, कारण नवलाई संपलेली असते आणि सवय अजून लागलेली नसते. त्या वर्षी लहान योजनेवर, म्हणजे सहा दिवसांच्या बारा रात्रींवर यावे, पण वाचन सोडू नये. वाचणाऱ्यांत एखादा नवा माणूस आणावा, शेजारची मुले बोलवावीत, किंवा ज्याला हे पुस्तक मुळीच आवडत नाही अशा भाच्याला मुद्दाम पहिली रात्र वाचायला सांगावी. नावडीने वाचणारा माणूस अनेकदा असे काही दाखवून देतो जे आवडीने वाचणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेले असते.

पुस्तक बदलण्याची वेळही कधीतरी येते. मुले मोठी होतात, घरात नवी माणसे येतात, आणि सगळ्यांनाच ते पुस्तक पाठ झाल्यासारखे वाटू लागते. अशा वेळी जुने एकदम बंद करून नवे सुरू करू नये. एक वर्ष दोन्ही पुस्तके चालवावीत, दिवाळीच्या सहा दिवसांत जुन्यातल्या ठरलेल्या चार रात्री आणि बाकीच्या बैठकांना नवे पुस्तक. आणि पुढच्या वर्षी दोन्हींपैकी कोणते वाचायचे ते त्या वर्षी वाचणाऱ्या सर्वांत लहान माणसाला ठरवू द्यावे. नव्या पुस्तकाची वाटणी पितृपक्षातच करून ठेवावी, कारण एकदा घट बसले की पानांचा हिशेब करायला कोणालाच सवड नसते.